सायबेरियातलं थ्रोट सिंगिंग, इलेक्ट्रिक गिटार आणि आमच्या मामांची धनगरी ओवी

हुपरीकर

नमस्कार मंडळी. दिवसा मी चांदीच्या कारखान्यात पैंजणांच्या जोडकामाला असतो आणि रात्री लॅपटॉपवर गाणी करतो. माझे थोरले मामा पट्टणकोडोलीच्या बाजूचे. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ओवीला उभे राहतात. खाली ढोल आणि कैताळ म्हणजे मोठ्या झांजा, वर भंडारा आणि त्या सगळ्यातून निघणारा मामांचा आवाज, हे ऐकतच मी मोठा झालो.

इतक्यात एक नवीनच गोष्ट कानावर पडली. रशियात, दक्षिण सायबेरियात, मंगोलियाच्या सीमेला लागून तुवा नावाचा मुलूख आहे. तिथला अल्बर्ट कुवेझिन हा गायक आणि त्याचा 'यात-खा' हा बँड. हेडफोन लावून ऐकलं तर आवाज इतका खाली जातो की मला बेस गिटारच वाटली. मग लक्षात आलं, माणूस गातोय. ह्या गळ्यातून गायच्या पद्धतीला थ्रोट सिंगिंग म्हणतात. पाठीमागे डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेली गिटार आहे, ड्रम आहेत, आणि तरी गाणं गवताळ माळावरच्या माणसाचंच वाटतं. शहरातल्या स्टुडिओत कुणी वरून रंग दिलाय असं कुठंच जाणवत नाही. ते ऐकल्यापासून मला मामांच्या ओवीचं असं काहीतरी करायचंय.

पण अडतंय. मामांची मी मोबाईलवर घेतलेली ओवी आहे. तिच्याखाली सिंथचा पॅड, म्हणजे सतत धरून ठेवलेले सूर, टाकला की मामांचा आवाज एकदम बारका पडतो. पॅडचा आवाज कमी केला तरी तेच. नुसती ओवी ऐकली की अंगावर काटा येतो, पॅड आला की तो काटा जातो. असं का होतं? तुवातल्या लोकांनी हे कसं जमवलं?

आणि हे थ्रोट सिंगिंग आपल्याला शिकता येतं का? मामा म्हणाले, "नरडं फाडून घेऊ नगंस." म्हणून आधी इथं विचारतोय. जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं.

खर्जातला_सा

हुपरीकर, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गाणं शिकवते. जयपूर घराण्याच्या तालमीत वाढलेय, त्यामुळे माझं उत्तर तानपुऱ्यापासून सुरू होणार. तुवातल्या गायकांपर्यंत मी त्याच वाटेनं पोचले आणि तुझा पॅड का अडतोय हेही त्याच वाटेवर सापडेल.

घरातली निजानीज झाली की तानपुऱ्याची खर्जाची तार एकटीच छेडून बघ. वाजवलास सा, पण थोडं थांबलं की आतून गंधार ऐकू येतो. आमच्यात त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कुणी वाजवलेला नसतो. मूळ नाद सेकंदाला १५० कंपनांचा असेल तर त्याच्याबरोबर ३००, ४५०, ६००, ७५० अशी पटीतली कंपनंही चालूच असतात. त्यातलं पाचवं म्हणजे हा गंधार. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवून त्याची जागा शोधत बसतात, ते हे आतले स्वर उजळावेत म्हणूनच.

माणसाच्या गळ्यातही हेच सगळं असतं. तुवातला गायक एक सा धरतो आणि सोडत नाही. मग जीभ, ओठ आणि जबडा इतका नेमका हलवतो की पटीतल्या स्वरांपैकी एकच वर येतो आणि बाकीचे दबतात. काहिलीत रस उकळताना मळी काढत गेलं की गुळाचा रंग उजळत जातो, तसं. बाहेरून काही घातलेलं नसतं. सिगिट नावाच्या प्रकारात जिभेचा काठ वरच्या दातांच्या आतून टेकवतात, एका बाजूला बारीकशी फट ठेवतात, आणि मग डोक्याच्या वर कुठंतरी बारीक, चकचकीत स्वर फिरायला लागतो. खाली सा तसाच चालू. एका माणसाचे दोन आवाज म्हणतात ते हे.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते पुढच्या गोष्टीनं. वरची चाल ते ज्या स्वरांवर बांधतात ते कुणी ठरवून दिलेले नाहीत, पटीतून आपोआप मिळालेले आहेत. आठवा सा, नववा रे, दहावा ग, बारावा प. सातवा आणि अकरावा ते बहुतेक वेळा गाळतात. सातवा आपल्या कोमल निषादाच्याही खाली पडतो आणि अकरावा शुद्ध नि तीव्र मध्यमाच्या मधोमध लोंबकळतो. तेरावा धैवताच्या जागी येतो, आपल्या शुद्ध धैवतापेक्षा थोडा उतरलेला. म्हणजे हातात काय उरलं? सा रे ग प ध. भूप रागाचे स्वर! सायन पर्वताच्या पलीकडचा मेंढपाळ आणि माझ्याकडे पहिल्यांदा भूप शिकायला बसलेली पोरगी ह्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरी दोघं त्याच पाच स्वरांवर उभे असतात. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात, आणि माझेही अजून होतात.

कुवेझिनचा तो खालचा आवाज वेगळा. त्या प्रकाराला कारगिरा म्हणतात. आपल्या खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, एरवी गाताना त्या गप्प असतात. कारगिऱ्यात त्याही थरथरायला लागतात, खऱ्या पट्ट्यांच्या निम्म्या वेगानं. वेग निम्मा झाला की स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो. म्हणून तुला ती बेस गिटार वाटली. त्यातही कुवेझिनचा गळा जन्मतःच फार खोल आहे, त्याच्या गाण्याला कांझात म्हणतात.

आता तुझा पॅड. सिंथवर साधा सा-ग-प दाबलास, तर त्यातला ग हा पेटीच्या पट्टीतला आहे. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेला. तानपुऱ्यातून येणारा गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट खाली असतो, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा सुमारे सातवा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मामांच्या आवाजात स्वतःचा गंधार आहे आणि तुझा पॅड त्याच्या डोक्यावर दुसरा गंधार आणून बसवतोय. दोघं एकमेकांना घासतात. पुन्हा मोकळ्या गळ्यानं, उंच लावलेल्या आवाजाचा कस साधारण २ ते ३ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि पॅड त्याच पट्ट्यात पसरलेला. मामांचा आवाज बारका झालेला नाही. त्याच्या आतलं जे होतं ते झाकलं गेलंय.

तेव्हा पॅडमधून गंधार काढ. सा आणि फार तर पंचम ठेव. हे दोन स्वर भांडत नाहीत, पेटीतला पंचम शुद्ध पंचमापासून जेमतेम २ सेंट दूर आहे. यात-खाची गिटार लक्ष देऊन ऐक. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारीवर रॉकवाले बऱ्याचदा सा आणि प एवढेच दाबतात, गंधार सोडून देतात, कारण डिस्टॉर्शनमध्ये तो फार खुपतो. म्हणून ती गिटार थ्रोट सिंगिंगच्या खाली इतकी सहज बसते. डिस्टॉर्शन म्हणजे तरी काय, पटीतले स्वर फुगवणंच की. जवारी लावलेला तानपुरा, कारगिरा आणि ती गिटार ही एकाच जातीच्या नादाची तीन घरं आहेत. कुवेझिनच्या कानानं हे ओळखलं, असं मला अगदी मनापासून वाटतं. नवं वाद्य निवडताना त्यानं गळ्याशी ज्याची सोयरीक आधीच आहे असं निवडलं.

त्याचा इतिहासही माहीत असलेला बरा. यात-खा १९९१ साली मॉस्कोत सुरू झालं. कुवेझिन आणि इव्हान सोकोलोव्स्की दोघांनी मिळून केलं आणि सोकोलोव्स्की इलेक्ट्रॉनिक संगीतातला माणूस. म्हणजे मशीनचे आवाज आणि गळा पहिल्या दिवसापासून एका खोलीत होते. १९९५ च्या त्यांच्या अल्बमच्या नावातच येनिसेई नदी आणि पंक शेजारी बसलेत. आणि हाच कुवेझिन १९९२ साली 'हून-हूर-तू' ह्या गटाच्या स्थापनेतही होता. तो गट जुनी गाणी, जुनी वाद्यं घेऊन जगभर गेला. घोड्याच्या केसांच्या दोन तारांचं इगिल, दोशपुलूर हे तंतुवाद्य, शमनांचा म्हणजे तिथल्या देवऋषींचा ढोल. एकाच अंगणातून दोन वाटा फुटल्या. पुढं २००९ मध्ये हून-हूर-तूनं सुद्धा कार्मेन रिझो ह्या अमेरिकन निर्मात्याबरोबर इलेक्ट्रॉनिक अल्बम केला. दोन्ही ऐक, पण आधी हून-हूर-तूचं नुसतं गाणं ऐक आणि मामांनाही ऐकव.

शिकायचं म्हणशील, तर शिकता येतं. पण कारगिऱ्यापासून सुरुवात करू नकोस. रोज थोडा वेळ आरामाच्या स्वरात सा धर आणि तोंडातल्या तोंडात 'ऊ' पासून 'ई' पर्यंत अगदी सावकाश सरक. ओठ गोलच ठेव. काही दिवसांनी तुला वरचे स्वर पायरीपायरीनं चढताना ऐकू येतील. न्हाणीघरात लवकर ऐकू येतात. गळ्याला दुखलं, खरखरलं की त्याच क्षणी थांब. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं, घरगुती काढ्यावर थांबायचं नाही. ह्या बाबतीत मी फार कडक आहे, माझी मुलं सांगतील. आपल्या गावात गळ्याची गोष्ट सांगायची तर अल्लादिया खाँसाहेबांची सांगावी लागते. शाहू महाराजांच्या पदरी येण्याआधी अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला होता. परत आला तेव्हा पहिल्यासारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल, शोभेल अशी गायकी त्यांनी स्वतः घडवली आणि तीच आज आम्ही गातो. गळा जसा आहे तसा मानायचा आणि गाणं त्याच्याभोवती बांधायचं, हे मला कुवेझिनमध्येही दिसतं.

एक शेवटचं, माझ्या विद्यार्थिनींसाठी. तुवात बायकांनी असं गाऊ नये, मूल होणार नाही, असा समज होता. साइन्खो नामचिलाक ह्या बाईंनी तो समज मोडून जगभर गायलं आणि १९९८ मध्ये चोदुरा तुमात ह्यांनी 'तिवा किझी' हा बायकांचाच गट उभा केला. तेव्हा कुणाची बहीण, बायको शिकायचं म्हणत असेल तर अडवू नका.

डफावरची_थाप

हुपरीकर, वाईट वाटून घेऊ नको भावा, पण मला ह्यात धोका दिसतो तो लिहितो.

आमच्या घरात डफ आजोबांपासून आहे. पोवाड्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आधी तुणतुणं गेलं. "काय सारखं तेच तेच वाजतं" म्हणून काढलं. मग त्याच्या जागी कीबोर्ड आला. मग शाहिरानं कीबोर्डच्या पट्टीत गायला सुरुवात केली. शेवटी मिरवणुकीत साऊंड सिस्टीमच्या भिंतीसमोर पोवाड्याच्या चार ओळी आणि खाली धडधड, एवढंच राहिलं. तरुण पोरं नाचतात, त्यांचा राग नाही. पण त्या पोरांना पोवाडा ऐकलाय का विचारलं तर ती म्हणतात हो, ऐकलाय. हे मला सहन होत नाही.

ओवी तर पोवाड्यापेक्षाही वेगळी. ती देवाच्या दारात गायची गोष्ट आहे. बिरोबाची कथा रात्रभर चालते. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात, मधेच गाणं थांबवून कथा सांगतात, पुन्हा गाणं. ती तीन मिनिटांत बसवायची म्हणजे काय ठेवणार आणि काय टाकणार? तुवावाल्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडं अजून माळ आहे, घोडे आहेत, घरोघरी गाणारे आहेत. आपल्याकडं मेंढरं चारायला जागा राहिलेली नाही. जे थोडं उरलंय त्याला हात लावताना दहादा विचार कर. जे आहे ते आधी जसंच्या तसं रात्रभराचं रेकॉर्ड करून ठेव. बाकी सगळं नंतर.

खर्जातला_सा ताई, तुमचं तुणतुण्याबद्दल मत काय? तोही एक सा धरूनच बसतो.

राजारामपुरी_बेस

मी कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायचो, आता लग्नसराईत साऊंड करतो. दोन-तीन कामाच्या गोष्टी.

डफावरची_थाप काकांचं पहिलं वाक्य धरून चाला, आधी पूर्ण रेकॉर्डिंग. मोबाईलवर घेतलेलं वापरू नकोस. साधा हँडी रेकॉर्डर भाड्यानं मिळतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. पातळी अशी ठेव की सगळ्यात जोरातली ओळसुद्धा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. ओवीत आवाज एकदम उसळतो आणि एकदा फाटलेली फाईल कुणालाच शिवता येत नाही. ढोल आणि मामा एकाच माईकमध्ये घेऊ नको. मामांसमोर एका दिशेनं ऐकणारा कार्डिऑइड माईक लाव आणि त्याची पाठ ढोलाकडं कर. पाठीमागून तो सगळ्यात कमी ऐकतो. ढोलाला वेगळा माईक, कैताळापासून लांब, नाहीतर सगळीकडं कैताळच येईल. आणि आवाज आपोआप सुरात ओढणाऱ्या ऑटोट्यूनच्या वाटेला जाऊ नकोस. ताईंनी सांगितलेला तो गंधार ऑटोट्यून पहिल्यांदा उचलून पेटीच्या पट्टीत नेऊन ठेवेल.

पुढं कधी तू स्वतः कारगिरा गायलास तर लो-कट, म्हणजे खालचे आवाज कापणारा फिल्टर, लावताना जपून. त्याचा मूळ स्वर ६०-७० हर्ट्झपर्यंत उतरतो. १०० वर काटलंस तर पायाच गेला.

शिकण्याबद्दल मला पॉल पेनाची गोष्ट फार जवळची वाटते. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्लूज गाणारा, दृष्टी नसलेला माणूस. १९८४ साली शॉर्टवेव्ह रेडिओ फिरवताना मॉस्कोच्या स्टेशनवर त्याला तुवाचं गाणं लागलं. शिकवणारा कुणी नाही, भाषा येत नाही. रेकॉर्ड ऐकून ऐकून तो कारगिरा गायला लागला. १९९३ मध्ये तुवाचा मोठा गायक कोंगार-ओल ओंदार त्याच्या शहरात आला, तेव्हा पेनानं त्याला त्याच्याच भाषेतलं गाणं गाऊन दाखवलं. दोन वर्षांनी पेना किझीलला, तुवाच्या राजधानीत, स्पर्धेला गेला आणि कारगिऱ्यात पहिला आला. तिथल्या लोकांसमोर! तो गिटारवर ब्लूज वाजवत त्याच्यावर कारगिरा गायचा आणि किझीलच्या लोकांना ते परकं वाटलं नाही. अलाश नावाच्या गटानं तर २०१५ च्या अल्बममध्ये शोडेके ह्या बाल्टिमोरच्या बीटबॉक्सरला बरोबर घेतलं. तोंडानं वाजवणारा आणि गळ्यानं गाणारे, एकही वायर नाही. ते नक्की ऐक.

हुपरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, वाईट अजिबात वाटलं नाही, उलट तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही.

पॅडमधला गंधार काढला आणि फरक लगेच कळला. आधी विश्वास बसेना म्हणून पुन्हा घालून बघितला, पुन्हा काढला. मामांचा आवाज पुढं आला. मी काही वाढवलं नव्हतं.

परवा मामांकडं गेलो. सोप्यात बसून त्यांना हून-हूर-तू ऐकवलं, नुसतं, गिटार-बिटार काही नाही. मामा डोळे मिटून ऐकत होते. गाणारा कोण, कुठला, मी काहीच सांगितलं नव्हतं. संपल्यावर म्हणाले, "ह्यो गडी मेंढरामागं फिरलेला हाय. वाऱ्यात हाळी मारायची सवय लागलेला गळा हाय ह्यो." मग यात-खा लावलं. त्यात गिटार सुरू झाल्यावर मामी आतून बाहेर आली, पण मामा म्हणाले असू दे. पूर्ण ऐकलं.

मग त्यांनीच सांगितलं. सुंबरान म्हणजे सुरुवातीचं देवाचं स्मरण आणि देवाची आळवणी आहे त्याला हात लावायचा नाही, ते यात्रेतच ऐकायचं. मेंढरांच्या वाटेच्या ओव्या आहेत, पावसाच्या आहेत, कोकणात उतरताना म्हणायच्या आहेत, त्या घे. ढोल मात्र मशीनचा चालायचा नाही, ढोल आमचाच. आणि ऐकवल्याशिवाय कुठं टाकायचं नाही. मला हे सगळं मान्य आहे.

आता नवीन अडचण. मामांचा सा जागेवर राहत नाही. सुरुवातीला एका ठिकाणी असतो आणि ओवी तापली की वर वर जातो. शेवटी जवळजवळ एक पट्टी चढलेला असतो. लयही तशीच, हळूहळू वाढते. मी खाली जे काही धरीन ते थोड्या वेळात बेसूर होणार. मामांना हेडफोन लावून क्लिक, म्हणजे लय धरायला मशीनची टिकटिक, ऐकवत गायला सांगू का? मला ते विचारायला जीभ रेटेना.

खर्जातला_सा

जीभ रेटली नाही ते बरं झालं. अजिबात विचारू नकोस.

आधी मामांच्या कानाला माझा नमस्कार सांग. हून-हूर-तूचा मुख्य गायक कायगाल-ओल खोवालिग २१ वर्षांचा होईपर्यंत मेंढपाळच होता, मग त्याला सरकारी गायकवृंदात बोलावून घेतलं. मामांनी हे नुसत्या गळ्यावरून सांगितलं. अशा माणसाला क्लिक ऐकवायचा नसतो.

डफावरची_थाप, तुणतुण्याबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर हुपरीकरच्या अडचणीतच आहे. तुणतुणं "तेच तेच" वाजतं म्हणून काढलं, तिथंच पोवाड्याचा पाया हलला ह्या तुमच्या म्हणण्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. धरलेला सा गेला की गाणाऱ्याला पेटीचा आधार लागतो आणि मग पेटी त्याला ओढत नेते. तुवातल्या नव्या प्रयोगांत जे टिकलेत त्यांत धरलेला सा सहसा हललेला नाही, वर गिटार येवो, बीटबॉक्स येवो की कॉम्प्युटर. तुमची दुसरी भीतीही खरी आहे, पण एक गोष्ट त्यांच्याकडंही आपल्यासारखीच आहे. हे गाणं मूळचं रंगमंचाचं नाहीच. माळावर जनावरं राखताना एकट्यानं गायचं, वाऱ्याशी, ओढ्याशी. त्यांचा एक प्रकार ओढ्याच्या खळखळाटावर आहे, एक घोड्यावरच्या रिकिबीच्या हेलकाव्यावर. चौघांनी पोशाख करून रांगेत बसून गाणं, तिकीट लावणं, हे जुन्या पद्धतीचे म्हणवणाऱ्या गटांनाही नवीनच होतं. बदल तिथंही झाला. काय बदलायचं आणि काय नाही हे गाणाऱ्यांनी ठरवलं म्हणून तो पचला. इथं मामांनी ठरवलंय. सुंबरानाला हात नाही, ढोल आमचा. हुपरीकर, ह्या अटी लिहून ठेव आणि रेकॉर्डिंग जिथं कुठं जाईल तिथं त्या बरोबर जाऊ देत.

आता सा. मैफलीत तानपुरा गवयाच्या गळ्याला लावतात. गवई तानपुऱ्याच्या सोयीनं गात नाही. तू तेच कर. मामांना ढोलकऱ्यांबरोबर त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीसारखे उभे राहून गाऊ दे. रात्र उलटून गेली तरी थांबवू नकोस. खाली तू काहीही वाजवायचं नाही. नंतर घरी बसून ती ओवी ऐक आणि मामा ओळ संपवून कुठल्या स्वरावर विसावतात तिथं खूण कर. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो विसावा येतो, तोच त्या वेळचा सा. सिंथला बारीक ट्यूनिंगची सोय असते, तिथं प्रत्येक खुणेला तुझा धरलेला सा थोडा थोडा वर सरकव. एका कडव्यात ५-१० सेंट सरकला तर कुणाला कळणारही नाही, पण मामांचा आणि तुझा सा बरोबरीनं चढत जाईल. लयीचंही तसंच. ग्रिड, म्हणजे लॅपटॉपवरच्या तालाच्या रेघा, ढोलाच्या थापांवर बसव, थापा ग्रिडवर नको. राजारामपुरी_बेस तुला हे दाखवतील, त्यांचं वाचून वाटलं की त्यांचे हात ह्यात बसलेत.

आणि ओवी चढते ते चुकून चढत नाही. ढोल तापतो, माणसं जमतात, उचलणारे जोरात उचलतात, म्हणून चढते. तो चढ तुझ्या गाण्यात राहिला पाहिजे. सुरुवातीला फक्त मामा आणि सा. पंचम ओवी तापल्यावर आण. बेस त्याच्याही नंतर, आणि तो सा सोडून कुठंही हिंडू देऊ नकोस. गिटार हवीच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि ती मामांना ऐकवून त्यांनी मान हलवली तरच.

मी तुझ्या मामांना भेटायला यात्रेच्या आधी येईन म्हणते. तोपर्यंत पावसाची एक ओवी, काहीही न मिसळलेली, मला पाठव. मी तानपुरा लावून ऐकते आणि कुठल्या कडव्याला सा कुठं जातो ते लिहून कळवते. फाईल पूर्ण पाठव, आकसवून नको.